सव्वीस अंशांची ऊब

मित्रांनो, मी थर्माकोलचा एक जुना खोका आहे. बेंगळुरूतल्या शोभेचे मासे विकणाऱ्या एका दुकानात मी रिकामा झालो आणि तिथून यशवंतपूरला गोजराबाईंच्या घरी आलो.

त्यांच्या सासूबाईंनी लावलेलं अनंताचं झाड गाडी ठेवायच्या जागेपायी नुकतंच उपटलं गेलं होतं. हाती उरल्या त्या सहा फांद्या. डिसेंबरच्या गारठ्यात त्यांना मुळं फुटेनात, म्हणून शेजारच्या नागराजने मला कामाला लावलं. माझ्या पोटात चार बोटं पाणी, त्यात मासे पाळणारे वापरतात तो हीटर, विटांवर जाळीचा ट्रे, ट्रेवर वाळू नि काथ्या भरलेले सहा पेले. वरून पारदर्शक प्लास्टिक.

"पाण्यात वीज? नागराजा, आजच वैकुंठाला धाडतोस काय रे?" गोजराबाई म्हणाल्या.

"अक्का, स्वल्प धीर धरा. मासे मरत नाहीत, तुम्हाला काय होतंय!"

त्यांचे यजमान हंबीरराव हसले. "मासे घटकेघटकेला झाकण उघडून बघत नाहीत. ही बघणार."

पहिले दहा दिवस मी सव्वीस अंशांवर होतो. येणारा-जाणारा माझं कौतुक करी. मग देवळात सप्ताह बसला. गोजराबाईंचा कीर्तनावर भारी जीव. सकाळच्या पोथीला दोघं निघाली की रात्रीच्या आरतीनंतरच परतायची. मागे पाण्यातली वीज चालू ठेवायला बाईंचं मन धजेना. कुलूप लावण्याआधी त्या माझं बटण बंद करत. मी दिवसभर गार पडायचो, रात्री पुन्हा तापायचो. चौथ्या दिवशी चार फांद्या बुडाशी काळ्या पडल्या.

त्या रात्री नागराजने पाण्यात बोट बुडवून पाहिलं. "अक्का, हे पाणी तर माठातल्यासारखं गार झालंय! दिवसा बंद ठेवता?"

"अरे, मागे घर पेटलं तर?"

"मग कुणीतरी घरात थांबा. नाहीतर उरलेल्या दोनही गेल्या म्हणून समजा."

सप्ताहाचे तीन दिवस बाकी होते आणि शेवटी काल्याचं कीर्तन. वर्षभर गोजराबाई त्याचीच वाट बघत.

सकाळी हंबीरराव टोपी घालून दारात उभे राहिले. "येत नाहीस?"

"तुम्ही जा. देवाभोवती तिथे अख्खा गाव आहे. या दोघींना इथे कोण आहे?"

काल्याच्या दिवशी हंबीररावांनी देवळातून फोन लावून धरला. गोजराबाईंनी तो माझ्याशेजारी पाटावर ठेवला आणि मांडी घालून टाळ्या वाजवत ऐकलं. आवाज मध्येच तुटे. टाळ्या तुटत नसत.

कीर्तन ऐकून मुळं फुटली असं मी म्हणणार नाही. मी फक्त ऊब धरून होतो. तीन आठवड्यांनी एक फांदी वाळली. दुसरीच्या पेल्याच्या भोकातून दोऱ्याएवढं पांढरं मूळ बाहेर आलं.

"अहो, इकडे या!"

हंबीरराव चष्मा शोधत आले. दोघं बराच वेळ वाकून बघत राहिली.

आता माझ्यात कांदे असतात. कडेला चीर गेली आहे. तक्रार नाही. मागणं एवढंच, मित्रांनो: कुणाला ऊब द्यायचं मनावर घेतलंत, तर ती आपल्या सवडीने देऊ नका. त्याला लागेल तितके दिवस देत राहा.