मागच्या खोलीतली बाई

कमलिनी बबीन्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. झाशीच्या सीपरी बाजारातल्या घरून रोज बसने जायची. आजार सुरू झाल्यापासून त्या रस्त्यावर ती एकच गोष्ट बघायची, मध्येच उतरावं लागलं तर कुठे जाता येईल. एक पेट्रोल पंप होता, पुढे एक ढाबा होता, त्यानंतर काहीच नव्हतं. म्हणून ती उपाशीच निघायची. तरी कळ यायचीच, आणि एकदा आली की दम धरवत नसे.

मोठ्या आतड्याला जखमा आहेत, अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, एवढं दुर्बिणीच्या तपासणीत कळलं होतं. हा आजार पुढे किती वर्षं राहतो, त्याच्याबरोबर कसं जगायचं, हे कुणी सांगितलं नाही. ज्या दवाखान्यात ती जायची तिथे एका वेळी चार-चार पेशंट आत घेत. डॉक्टर सगळ्यांदेखत जुलाबांचं, रक्ताचं विचारायचे, "दस्त कितनी बार? खून?" परकी माणसं कान देऊन ऐकत असायची. ती मान खाली घालून खऱ्यापेक्षा कमी सांगायची. स्टेरॉइडच्या गोळ्या मिळायच्या. बरं वाटलं की ती सोडायची, पुन्हा रक्त दिसलं की डॉक्टर मान वर न करता म्हणायचे, "फिर से शुरू कर दो. इस बार डबल."

चेहरा सुजला. झोप उडाली. आरशासमोर उभं राहणं तिने बंद केलं.

वडील, गोपाळराव, रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेले. आई गेल्यापासून घरात दोघंच. ते तिच्यासाठी मऊ खिचडी शिजवायचे, ताकाला जिऱ्याची फोडणी द्यायचे, आणि कुणी विचारलं तर सांगायचे, "तिला जरा ॲसिडिटी आहे." तिलाही त्यांनी तेच सांगायला लावलं होतं. "लग्न व्हायचंय तुझं. बाहेर कशाला बोलायचं?"

उन्हाळ्यात शाळा बंद झाली आणि कमलिनी मागच्या खोलीत झोपायला लागली, कारण संडास तिथून जवळ. त्या खोलीतच तिला ती बाई पहिल्यांदा दिसली.

दुपार होती. कूलर घरघरत होता. भिंतीला टेकून एक बाई उकिडवी बसली होती, पोटाशी दोन्ही हात आवळून. केस कानापर्यंत कापलेले, तेही विरळ. जुन्या लुगड्यावर तिने पुरुषाचा शर्ट घातला होता, एवढ्या उन्हाळ्यात गळ्यापर्यंत बटणं लावून. कमलिनीने डोळे मिटले, उघडले. बाई तिथेच होती. कमलिनीला भीती वाटायला हवी होती, पण पहिल्यांदा मनात आलं ते हे, की ही कशी बसलीय ते मला माहीत आहे. कळ आली की मीही अशीच बसते.

मग ती रोज दुपारी यायला लागली. कधी भिंतीपाशी, कधी संडासाच्या दाराशी. दाराची कडी वाजली, दूधवाल्याने हाक मारली, की ती अंग चोरून घ्यायची. एका दुपारी शेजारच्या काकू पापड द्यायला आल्या. तेव्हा बाईने पहिल्यांदा तोंड उघडलं. अगदी हळू, पण स्वच्छ मराठीत तिने विचारलं, "बाहेर कोण आलंय?"

कमलिनीने कूस बदलून तिच्याकडे पाठ केली. कुणाला सांगितलंही नाही. पोटाचं सांगायची चोरी, त्यात हे कुठे सांगणार? आपलं डोकं फिरत चाललंय अशी तिची खात्री झाली, आणि ती ते वेड एकटीच सांभाळत राहिली.

जुलैत शाळा उघडली. एके दिवशी ती वर्गातच चक्कर येऊन पडली. शाळेतल्या रुक्मिणी मॅडमनी तिला पाणी पाजलं, रिक्षात बसवलं आणि वाटेत सरळ विचारलं, "कोलायटिस है ना? मेरे भाई को भी है." रविवारी ग्वाल्हेरहून झाशीला एक पोटाचे डॉक्टर येतात, त्यांना दाखव, असं त्यांनी बजावलं.

डॉक्टरांचं नाव खरे. गोपाळरावांना वाटलं मराठी असतील, म्हणून त्यांनी मराठीतच सुरुवात केली. डॉक्टर हसले. "हम टीकमगढ़ के खरे हैं, बाबूजी. पर समझ लेता हूँ, आप बोलिए."

त्यांनी आधी दार लावून घेतलं. एका वेळी एकच पेशंट. बस किती लांब जाते, वाटेत सोय आहे का, रात्री उठावं लागतं का, गोळ्या कधीपासून आणि किती, सगळं विचारलं. मध्ये फोन वाजला तो त्यांनी उचलला नाही. मग पेन खाली ठेवून ते म्हणाले, "नींद नहीं आती होगी. मन कैसा रहता है? कभी कुछ ऐसा दिखता या सुनाई देता है, जो औरों को नहीं?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. कमलिनी रडायला लागली. मग तिने सांगितलं. कापलेले केस, लुगड्यावरचा शर्ट, पोटाशी आवळलेले हात. "ती विचारते, बाहेर कोण आलंय."

गोपाळराव शेजारच्या खुर्चीवर होते. त्यांनी टेबलाची कड धरली.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, इतक्या स्टेरॉइडने असं होऊ शकतं, तुम्ही वेड्या झालेल्या नाही. या गोळ्या एवढा काळ चालवायच्याच नसतात. त्यांनी आतड्याचं दुसरं औषध सुरू केलं, रक्ताच्या आणि हाडांच्या तपासण्या लिहिल्या. गोपाळराव म्हणाले, "आजच बंद करतो त्या गोळ्या." डॉक्टरांनी मान हलवली. "एकदम नहीं. धीरे-धीरे उतरेंगे, वरना जान पर बन आएगी." त्यांनी नर्सचा फोन नंबर दिला. काही वाटलं तर रविवारची वाट न बघता फोन करायचा.

घरी आल्यावर चपला न काढताच गोपाळराव मागच्या खोलीत जाऊन उभे राहिले.

"तुला इंदूचं कुणी सांगितलं?"

"कोण इंदू?"

कमलिनीला एवढंच माहीत होतं की वडिलांना एक बहीण होती आणि ती लहानपणी गेली. गोपाळराव पलंगावर बसले. "लहान मी होतो. ती वीस-बावीसची होती. संग्रहणी म्हणायचे तेव्हा. रक्त जायचं. केस गळायला लागले म्हणून आईने कापून टाकले. सारखी थंडी वाजायची तिला, म्हणून वडिलांचा शर्ट घालायची. याच खोलीत ठेवली होती. लग्न ठरत होतं, तेव्हा बाहेर सांगायचं नाही. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, इंदू एरचला मावशीकडे गेलीय. मला तसं शिकवलं होतं. दारात कुणी आलं की ती मला हळूच विचारायची..."

"डॉक्टर?" कमलिनीने विचारलं.

"वैद्य यायचे. नाडी बघायचे, पुडी देऊन जायचे. तिला कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही."

गोळ्या हळूहळू कमी होत गेल्या. मध्ये एकदा रक्त दिसलं. कमलिनीने घाबरत फोन केला, तर नर्सने नावानिशी ओळखलं आणि डॉक्टरांना विचारून औषध वाढवून दिलं. झोप लागायला लागली. भिंतीपाशी बसलेली बाई आता रोज येत नव्हती. आली तरी विटक्या कापडासारखी फिकी दिसायची.

शेवटची आली ती श्रावणातल्या एका सुट्टीच्या दुपारी. समोरच्या खोलीत शेजारच्या काकू गोपाळरावांशी बोलत होत्या. बाईने विचारलं, "बाहेर कोण आलंय?"

या वेळी कमलिनी उठून बसली. "शेजारच्या काकू आहेत, आत्या. येऊ देत. तू बस."

बाई तिच्याकडे बघत राहिली. समोरून वडिलांचा आवाज येत होता. नेहमीपेक्षा मोठ्याने, थोडा अडखळत ते म्हणत होते, "ॲसिडिटी नाही हो. आतड्याचा आजार आहे तिला. माझ्या थोरल्या बहिणीलाही तोच असणार. ती याच घरात गेली." काकू काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. कमलिनीने पुन्हा भिंतीकडे पाहिलं तेव्हा तिथे कुणी नव्हतं.

दिवाळीनंतरच्या तपासणीला डॉक्टर खरे रिपोर्ट बघून खूश झाले. बसच्या रस्त्यावर आता कसं वाटतं ते विचारलं. मग म्हणाले, "और वो? अब तो कोई नहीं दिखता?"

"नहीं," कमलिनी म्हणाली.

बाहेर पडून दोघं टेम्पोची वाट बघत उभे राहिले. गोपाळरावांनी विचारलं, "खरंच नाही दिसत?"

"नाही बाबा. बरेच दिवस झाले."

त्यांनी मान हलवली. रस्त्यावरच्या गर्दीकडे बघत ते म्हणाले, "मला एकदा तरी दिसायला हवी होती." मग टेम्पो आला. त्यांनी तिला आधी चढू दिलं.