विजयाच्या मेजवानीची अळंबी

मेल्यांनी नेमका रविवार निवडला! तोही दोन दिवस पाऊस पडून गेल्यावरचा. अशा रविवारी आमच्या गावात पाद्रीसुद्धा प्रार्थना भराभर उरकतो आणि टोपली घेऊन रानात पळतो, अळंबी वेचायला. आणि आमचा मुलूख बळकावून बसलेल्या जर्मनांना हवी होती चौकात गर्दी. रशियात त्यांनी कुठलंसं शहर जिंकलं होतं, त्याचा आनंद म्हणे आम्ही साजरा करायचा.

गावात दवंडी पिटायचं काम माझ्या नवऱ्याचं, ओटाकारचं. जर्मन साहेबाने त्याला बजावलं होतं, "चौक रिकामा दिसला तर तुलाही भावाच्या वाटेने धाडीन." माझा दीर रादिम त्यांच्या छावणीत कैदेत होता. वसंतात त्याची राख पोस्टाने घरी आली.

वेळ झाली तरी चौकात ओटाकार, बँडवाले आणि दोन कुत्री. मी तशीच रानात धावले.

"चला रे सगळे! माझ्या नवऱ्याला नेतील!"

"त्यांच्या विजयासाठी ही अळंबी टाकून येऊ?" झुडपातून श्कोपेक चांभार ओरडला.

"टाकू नकोस बाबा, घेऊन ये! पण चल, पाया पडते तुझ्या."

आले बिचारे, चिखलाच्या बुटांनी, भरल्या टोपल्या घेऊन. भाषण झालं. साहेबाने हात उंचावून आरोळी ठोकली. इकडे एक हात वर जाईल तर शपथ! दोन्ही हातांत टोपल्या. श्कोपेकने तर टोपलीच वर केली. कोणीतरी फिसकन हसलं. साहेब लालबुंद झाला.

"भेट आहे साहेब," ओटाकार घाईघाईने म्हणाला. "गावाकडून, विजयाची."

साहेबाने त्याला नीट न्याहाळलं. "छान. संध्याकाळी मेजवानी. तुझ्या बायकोने रांधायचं आणि पहिला घास तू खायचा."

घरी मी कांदा परतला, शहाजिरं घातलं, अळंबी शिजत टाकली. तेवढ्यात सासूबाई रानातून आल्या. रादिम गेल्यापासून त्या चौकात पाऊल टाकत नव्हत्या. "जर्मनांसाठी रांधतेस म्हणे," एवढंच बोलल्या. मी पाण्याची बादली घेऊन आत आले, तेव्हा त्या भांडं ढवळत होत्या. त्यांच्या टोपलीच्या तळाशी एक फिकट हिरवी अळंबी उरली होती. ती जहरी असते, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही कळतं.

"आई! काय केलंत हे?"

"ओरडू नकोस. रात्रभर कोणाला काही होत नाही. मग बसतील बोंबलत."

"अहो, पहिला घास ओटाकार खाणार आहे!"

त्यांच्या हातातली पळी पडली. मला वाटलं, म्हातारी आता कोसळतेय. पण त्यांनी फडक्याने भांडं उचललं, परसात नेलं, खड्ड्यात उपडं केलं आणि वर माती ओढली. मग राखेने भांडं घासघास घासलं. मी रडत होते. त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"कांदा चिर, उशीर होतोय," त्या म्हणाल्या आणि श्कोपेकची टोपली पुढ्यात ओढून बसल्या. एकेक अळंबी उलटून पाहिली, हुंगली, निवडली. रादिमला मारणाऱ्यांसाठी त्या माउलीने त्या संध्याकाळी चांगलं चविष्ट जेवण रांधलं.