सतरा नंबरची नळी

आमच्या मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमधल्या फळ्यावर पहिल्याच दिवशी एक ओळ लिहिली गेली, आणि सेमिस्टर संपत आलं तरी ती कुणी पुसली नाही. 'तुमची नळी तुम्हीच जिवंत ठेवायची.'

ऑक्टोबरात प्रत्येकाला एकेक नळी मिळते. आत तिरकं थिजवलेलं अगार, म्हणजे जंतूंचं खाणं, त्यावर पुसट साय धरल्यासारखा थर, आणि बाहेर नुसता नंबर. आत कोणता जंतू आहे ते सहा आठवडे चाचण्या करून ज्याचं त्यानं शोधायचं. तोवर त्याला जगवायचं. दर गुरुवारी जुन्या नळीतून तारेनं थोडा उचलून नव्या नळीत, नव्या खाण्यावर ठेवायचा. नव्या नळीत तो वाढलेला दिसेपर्यंत जुनी नळी टाकायची नाही. मेलाच, तर आमच्या बाई, डॉक्टर पेल्टियर, दुसरा देतात, पण दहा मार्क कापून. मेडिकलला जायला निघालेल्या पोरांपुढे दहा मार्कांचं नाव काढा, चेहरेच उतरतात.

नळ्यांबरोबर वीस नावांचा एक कागद मिळाला. तुमचा जंतू यांतलाच एक. मी कागदावरून बोट फिरवत गेले आणि अकराव्या नावाशी थांबले. ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस. बोट तिथंच ठेवलं, नाव झाकलं जाईल असं.

"काय झालं, आईसाहेब?" शेजारून टेसा म्हणाली. "भूत पाहिल्यासारखा चेहरा केलायस."

"काही नाही. नावं किती लांबलचक आहेत बघ."

टेसा माकी माझी लॅबमधली जोडीदार. एकोणीस वर्षांची. वर उत्तरेकडच्या खाणींच्या गावातून तलावाकाठच्या डुलूथला शिकायला आलेली. मी तिच्याहून आठ वर्षांनी मोठी आणि माझ्या बॅगेत कायम बिस्किटं, ओले रुमाल आणि एखादा लहान मोजा सापडतो, म्हणून मी आईसाहेब. वर्गात मूल असलेली मी एकटीच. माझा ऑगी दोन वर्षांचा आहे. त्याच्या आधीची सिग्ने इथं कुणाला माहीत नव्हती.

मला नऊ नंबर मिळाला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर काड्यांसारखा, मातीतला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी सुटकेचा श्वास टाकला. टेसाला सतरा.

प्री-मेडच्या पोरांना एक खोड असते, नळीला नाव ठेवायची. टेसानं तिच्या नळीचं नाव बर्नी ठेवलं. "आमचा बर्नी आज रुसलाय," "बर्नीनं आज साखर खाल्ली नाही," असं चालायचं तिचं. केमिस्ट्रीत तिला कमी ग्रेड मिळाली होती. इथं 'ए' मिळाला नाही तर मेडिकल विसर, असं सल्लागार बाईंनी तिला तोंडावर सांगितलं होतं. त्यामुळे बर्नीवर तिचा भारी जीव.

नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी तिनं रक्त घातलेल्या अगारावर वाढवलेली पेट्री डिश उघडली आणि खिडकीकडे धरली. बाहेर तलाव करडा पडला होता. डिश लालभडक, आणि त्यात मोत्यांएवढेसुद्धा नाहीत असे राखाडी ठिपके. प्रत्येक ठिपक्याभोवती रक्त विरघळून गेलेलं, स्वच्छ, काचेसारखं कडं.

"इंगा, बघ ना! चंद्राला खळं पडतं ना, तस्सं! किती सुंदर!"

सुंदरच होतं ते. खोटं कशाला बोलू. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या माळा आम्ही आधीच पाहिल्या होत्या, आणि तिनं मुद्दाम केलेल्या चाचणीत वाढीच्या टोकाशी बाणासारखा आकार उमटला होता. यादीतल्या वीस नावांत तसं करणारा एकच, अकरावा. टेसाला ते दोन दिवसांनी पुस्तकात सापडणार होतं. मला बघताक्षणीच कळलं.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

सिग्ने पस्तिसाव्या आठवड्यात आली. या जंतूची चाचणी इथं छत्तिसाव्यात करतात. माझी पुढच्या मंगळवारची वेळ ठरलेली होती, फ्रीजवर चुंबकाखाली चिठ्ठीसुद्धा होती. शनिवारी कळा सुरू झाल्या, औषध शिरेतून चढवलं, पण ते बाळापर्यंत पोचायला चार तास लागतात आणि ती दीड तासात बाहेर. पुष्कळ बायकांच्या अंगात हा जंतू गपगुमान राहतो, त्यांना कधी पत्ताही लागत नाही. माझ्याही अंगात होता. माझ्यातूनच तो तिच्याकडे गेला. सगळे डॉक्टर म्हणाले, कुणाची चूक नाही. सहा दिवस ती काचेच्या पेटीत होती. त्या पेटीला हात घालायला दोन गोल भोकं होती, आणि मी एका भोकातून बोट आत घालून सहा दिवस तिला एकच म्हणत होते, जग गं. जग ना गं.

या जंतूचं जे लांबलचक शास्त्रीय नाव आहे, त्याचा अर्थ दूध नसणं. पहिल्यांदा तो आटलेल्या गाईंच्या कासेत सापडला म्हणून. मला मात्र तिसऱ्या दिवशी दूध आलं ते आवरेना. ते काढून, पिशव्यांवर तारखा घालून आम्ही घरच्या फ्रीजरमध्ये ठेवलं होतं. ती गेल्यावर चर्चमधल्या बायकांनी अकरा हॉटडिश आणून दिल्या, बटाट्याच्या, मटणाच्या, ओव्हनमध्ये घातलं की झालं अशा. फ्रीजरमध्ये जागा पुरेना. डेल, माझा नवरा, माझ्या पिशव्या बाहेर काढायला लागला, आणि मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, मग या कुठं ठेवू? आम्ही दोघं उघड्या फ्रीजरपुढे उभे राहिलो, गार वाफ पायांवर येईस्तोवर.

मग वर्षाभरानं मी कॉलेजात नाव घातलं. लहान मुलांची डॉक्टर व्हायचं म्हणून.

त्या शनिवारी हरणांची शिकार सुरू झाली आणि अर्धा वर्ग आपापल्या गावी पळाला. टेसाही. रविवारी तिचा फोन आला.

"बाबा मचाणावरून पडले," ती म्हणाली. "हरीण समोर, आणि हा माणूस खाली! मांडीचं हाड मोडलंय. उद्या ऑपरेशन. आई तर आमच्याकडे नसतेच, तुला माहितीय. मी आठवडाभर इथंच."

"अगं बाई! शुद्धीवर आहेत ना?"

"शुद्धीवर? हरीण कुणी मारलं ते दर नर्सला विचारतायत. ऐक ना, माझं एक काम कर. गुरुवारी बर्नीला नव्या नळीत घालशील? तू आई आहेस, तुला सवय आहे. आमच्या बाळाला जेवू घाल एवढंच."

मी 'हो' म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

गुरुवारी लॅबमध्ये आम्ही जेमतेम नऊ जण. मी आधी माझी नळी उरकली. मग सतरा नंबर हातात घेतला. बर्नरवर तार लाल होईस्तोवर धरली. लाल तार हवेत धरून दहा आकडे मोजायचे, मग कडेच्या रिकाम्या अगाराला टेकवून बघायची, हे पहिल्या आठवड्यातल्या पोरांनाही ठाऊक असतं. मी मोजले नाहीत. तार सरळ आत घातली. चर्र झालं.

तो आवाज ओळखीचा असतो. त्याचा अर्थ, तारेवर होते तेवढे सगळे जळाले.

मी ती तार नव्या नळीत ओढली, झाकण लावलं, वर नंबर आणि तारीख घातली. आणि जुनी नळी, नियम माहीत असून, लाल पिशवीत टाकली. संध्याकाळी ती पिशवी वाफेच्या यंत्रात जाते. काही उरत नाही त्यातून.

शुक्रवारी नवी नळी कोरी. शनिवारीही कोरी. मला आनंद झाला. तो लपवायचं कारण नाही, झाला. कुणाला तरी एकदा मारल्यासारखं वाटलं.

शनिवारी दुपारी ऑगी उंच खुर्चीत बसून बटाटे चिवडत होता. मी कॉलेजात किडे पाळते एवढंच त्याला ठाऊक.

"आई, किड्यांना मंमं दिलं?"

"दिलं."

"सगळ्यांना?"

मी त्याचं तोंड पुसलं. तो पुन्हा म्हणाला, "सगळ्यांना?" या वयात एकदा प्रश्न सापडला की ते सोडत नाहीत.

तेवढ्यात टेसाचा फोन. तिच्यामागे हॉस्पिटलातली घंटा वाजत होती.

"बाबा आज काठी धरून दोन पावलं चालले. नर्सला शिव्या देत. आता मी इथं कॉरिडॉरमध्ये बसून मायक्रो वाचतेय, लोकांना वाटतं मी इथली शिकाऊ डॉक्टर! काय सांगू, इंगा, खोटं का होईना, बरं वाटतं गं. आमचे चिरंजीव कसे आहेत?"

"ठीक आहेत," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि ऑगीची बशी सिंकमध्ये तशीच सोडून खाली बसले. मी कुणाला मारलं होतं? सिग्नेच्या अंगातला तो केव्हाच संपला होता, तिच्याबरोबरच. हा नळीतला त्याचा कुणीच नव्हता. मोडलं होतं ते एका पोरीचं, जी बापाच्या उशाशी बसून डॉक्टर झाल्याचा खेळ खेळत होती.

सोमवारी सकाळी मी डॉक्टर पेल्टियरांच्या खोलीत गेले. साठीच्या बाई. कॉलेजात येण्याआधी वीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होत्या. मी कोरी नळी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"तार गरम होती," त्या म्हणाल्या. "होतं सगळ्यांचं. जुनी नळी?"

"टाकली."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू? तुझ्यासारखी नियमानं वागणारी? का?"

मला वाटलं होतं, नियम लक्षात नव्हता, गडबडीत झालं, असं काहीतरी सांगेन. पण चर्र आवाज झाला तो मी ऐकला होता, असं मी म्हणाले. मग सिग्नेचं सांगितलं. उभ्यानंच. त्यांनी बस म्हटलं नाही, आणि बरंच केलं. बसले असते तर उठवलं नसतं.

त्या म्हणाल्या, "तान्ह्या बाळांच्या रक्ताच्या चाचण्या माझ्याकडे यायच्या. ते खळं दिसलं की वॉर्डला फोन मीच करायचा. दर वेळी फोन लावायच्या आधी बाळाचं नाव दोनदा वाचायचे. चुकून दुसऱ्याचं निघावं म्हणून." त्यांनी कोरी नळी उचलून उजेडात धरली. "टेसाला नवी देते. मार्क कापणार नाही, तिची चूक नाही. किंवा तिची ती लाल डिश फ्रीजमध्ये पडलीय, दोन आठवडे होत आले. आत कुणी जिवंत असलं तर असेल. तू सांग."

"डिश द्या," मी म्हणाले.

का म्हणाले ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. नव्या नळीनं टेसाचं भागलं असतं. पण शब्द मी दिला होता, तो सतरा नंबरला जगवायचा.

डिश कडेनं आक्रसली होती, रक्ताचा रंग विटकरी झाला होता. ठिपके तिथंच, पण निस्तेज. मी तार लाल केली आणि मोजायला लागले. दहापर्यंत गेले, मग वीसपर्यंत. रिकाम्या कडेला टेकवली, आवाज नाही. ठिपक्याला लावली, नव्या लाल डिशवर ओढली.

सदतीस अंशांच्या कपाटात डिश ठेवून दार लावलं. बाळाची पेटीही तेवढीच कोमट होती, बोटाला लागायचं.

मंगळवारी काहीच दिसलं नाही. बुधवारी मी ऑगीला पाळणाघरात जरा लवकर सोडलं आणि लॅब उघडायच्या आधीच दारापाशी जाऊन थांबले. पेल्टियर बाईंनी किल्ली फिरवली. कपाटापुढे उभी राहून दार उघडण्याआधी माझ्या तोंडातून निघालं, "जग ना रे."

माझ्या कानांनी ते ऐकलं, आणि कपाटाची मूठ मला काही वेळ ओढवेना.

तीन ठिपके आले होते. प्रत्येकाभोवती खळं.

तिला सहा दिवस म्हटलं होतं, हा एकदा म्हटल्यावर जगला. दोन दिवसांत जगला.

टेसाला फोन लावला, बाही डोळ्यांना लावूनच.

"हॅलो? इंगा? रडतेयस की काय? ऑगी बरा आहे ना?"

"ऑगी बरा आहे. तुझी नळी... मी मारली होती. आता आलाय परत. तीन ठिपके."

"अगं मग रडतेस कशाला? आईसाहेब, बॅक्टेरिया आहे तो!" ती हसली, आणि मग हसू थांबलं. तिनं एव्हाना पुस्तकात अकरावं नाव गाठलं होतं, पोटुशा बायांचं आणि तान्ह्या बाळांचं पानही वाचलं होतं. हुशार पोरगी. "इंगा... ऑगीच्या आधी कुणी होतं का?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, गरम तारेसकट, लाल पिशवीसकट. पलीकडे घंटा वाजली, कुणीतरी कुणाला तरी हाका मारत गेलं.

"आणि मी बाळाला जेवू घाल म्हटलं तुला," ती अगदी हळू म्हणाली. "मला रागवायचंय तुझ्यावर. आत्ता येत नाहीये. परत आले की रागावेन."

"रागाव."

"नाव काय होतं तिचं?"

"सिग्ने."

"सिग्ने," ती म्हणाली. चार वर्षांत डेल सोडून दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ते नाव ऐकलं नव्हतं. "किती वर्षांची असती?"

"गेल्या फेब्रुवारीत चार पूर्ण झाली असती."

मग ती नाक ओढत म्हणाली, "माझी वही तिथंच खणात आहे. तारीख घालून लिहून ठेव, नाहीतर पेल्टियर मार्क कापतील."

मी खण उघडला. तिच्या वहीत, तिच्या गोल अक्षरांखाली, तारीख घातली. वाढ : आहे, तीन ठिपके. खळं : आहे. खाली सही करायची रीत आहे, म्हणून सही केली, आणि डिश पुन्हा उबेत ठेवून दार हलकेच लावलं.