दक्षिणेची काच

सकाळी सव्वासातला थाओ ह्वेइफेनने कासवाच्या कवचाची कड अंगठ्याने दाबली. कड मऊ लागली. कासवाने अन्नाला तोंड लावलं नव्हतं, त्याचा तो सहावा दिवस.

कासव नवऱ्याने पाळलेलं. चीनमधल्या सूचौ शहरातल्या जुन्या गल्लीत, अंगणातल्या दगडी कुंडाच्या काठावर ते चोवीस वर्षं ऊन खात वाढलं. गल्ली पाडली, सहाव्या मजल्यावर घर मिळालं. नवरा गेला, घरात हलणारं-डुलणारं म्हणून कासव तेवढं उरलं. त्याला थंडी बाधू नये म्हणून तिने शेजारच्या शी मिस्त्रींकडून बाल्कनी काचांनी बंद करून घेतली, त्याला दोन वर्षं झाली.

नऊ वाजता प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खायला काय देता?"

"कोळंबी. सोलून. ह्यांनाही सोलूनच द्यायचे."

"मग कवच कशाचं बनणार, आजी? सालासकट द्या. ऊन मिळतं?"

"दिवसभर. काचेतून."

"काच नुसती ऊब आत सोडते. कवचाला हवं ते बाहेरच अडतं. रोज तासभर थेट ऊन द्या, शेजारी सावली ठेवा. उशीर झालाय, पण करून बघा."

उघडणारी तावदानं उत्तरेला होती. ऊन येई ती दक्षिणेची काच कायमची बसवलेली.

"त्या काचेतून मुंगी शिरत नाही," काच काढायची म्हटल्यावर शी मिस्त्री दारातच म्हणाले.

"ऊनही शिरत नाही म्हणे."

"मग तुमच्याकडे मला घाम कशाने फुटतो, थाओताई?"

"पोटाने. काढताय, की दुसरा मिस्त्री बोलावू?"

दुसऱ्या मिस्त्रीचं नाव निघताच ते हत्यारांची पेटी आणायला गेले. काच निघायला अडीच तास लागले. ती किती पक्की बसवली होती, हे त्यांनी चार वेळा ऐकवलं. तिच्या जागी तारेची जाळी ठोकली आणि न सांगता कासवाच्या टबात एक वीट ठेवली, कोरड्यात बसायला.

याला आठ दिवस झाले. कासव रोज विटेवर चढतं आणि मागचे पाय लांब करून पडून राहतं. काल दुपारी ह्वेइफेनने सालासकट पाच कोळंब्या टाकल्या. संध्याकाळी चार होत्या. जाळीच्या खालच्या कोपऱ्यात बोटभर फट आहे, आणि कठड्यावर चिमण्या बसतात.

"माझ्या जाळीतून चिमणी?" शी मिस्त्री म्हणाले. "कासवानेच खाल्ली. लिहून घ्या."

आज सकाळी तिने कड पुन्हा दाबून पाहिली. अजून मऊच आहे.