शून्य आलेल्या काड्या

मी आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल बोलतोय. माझ्याखालून नदी कधी वाहिली नाही आणि माझ्यावरून गेलेली सगळ्यात मोठी स्वारी म्हणजे एक मुंगळा. तरी एका मुलीचं डिप्लोमाचं वर्ष माझ्यावर अडकलं होतं, म्हणून जरा भाव खातो.

गोंदियाच्या एका पॉलिटेक्निकमध्ये माझा जन्म झाला. गुलशननं काड्या चिकटवल्या आणि निम्मा फेविकॉल स्वतःच्या बोटांना लावला. त्याची जोडीदार दामिनी. तिनं माझ्या एकेका सांध्यावर बाण काढून गणित मांडलं. कोणती काडी ताणली जाते, कोणती दाबली जाते, सगळं शोधलं. इतकं निरखून मला कुणी पाहिलं नव्हतं. मला लाजच वाटली.

दोन्ही बाजूंच्या मधल्या उभ्या काड्यांचं उत्तर मात्र शून्य आलं. परीक्षेत वजन खालून टांगायची पद्धत होती आणि तसं टांगलं तर त्यांच्यावर भारच येत नव्हता, म्हणजे त्यांना कामच नव्हतं. पूल मोडला तर नापास आणि हलका असला तर जादा मार्क, असा नियम होता.

"काटून टाक ना यार, फालतू वजन घेऊन फिरून राहिलो आपण," गुलशन म्हणाला.

दामिनीलाही पटलं. कटर घरी होता, म्हणून मला मांडीवर घेऊन ती एसटीनं जवळच्या गोरेगावला आली. त्या काड्यांसाठी मी वाटभर हळहळलो.

ती हातपाय धुवायला गेली. तिच्या आईला, रुख्माबाईंना, सपाट जागा रिकामी दिसली की राहवत नाही. शिलाई मशीनवरसुद्धा डबे असतात. त्यांनी तांदळाचा गंज, म्हणजे भरलेलं मोठं पातेलं, उचलला आणि माझ्या डोक्यावर मधोमध ठेवला.

"आई, काऊन ठेवला वो त्याच्यावर? पूल हाय तो माझा."

"मंग? वजन नाही ठेवाचं त पूल कायले बनवला?"

गंज उचलायला दामिनी वाकली आणि त्या मधल्या काड्यांची करकर तिला ऐकू आली. ती तिथंच फतकल मारून बसली आणि तिनं नव्यानं गणित मांडलं. भार वरून आला, तर तो आधी त्याच काड्यांवर येत होता. काड्या कापायच्या नाहीत, असं तिनं गुलशनला फोन लावून सांगितलं.

"अन् जादा मार्क?" तो कुरकुरला.

"जाऊ दे. वजन वरून ठेवलं त? आधी पास त होऊ."

परीक्षेला बाहेरून दुर्गाप्रसाद सर आले. वजन टांगायचा हूक त्यांनी बाजूला सारला. "गाड्या काय पुलाला लटकून जातात?" म्हणाले आणि वजनं वर ठेवू लागले. शेजारच्या सडपातळ पुलाच्या मधल्या काड्या कापलेल्या होत्या. तो मधोमध खचला. माझी पाळी आली तेव्हा मी भ्यालो होतो, खोटं कशाला बोलू? दामिनीनं तर डोळेच मिटले. पण मी मोडलो नाही. जादा मार्क मिळाले नाहीत, वर्ष मात्र सुटलं.

आता मी रुख्माबाईंच्या स्वयंपाकघरात असतो. कपाटाच्या काचेआड ठेवलेल्या पुलांचा मला हेवा वाटत नाही. एकच विनंती आहे, गंज ठेवाल तेव्हा मधोमध ठेवा. तिथं दोन काड्या वाट बघत असतात.