मी, पुगोव्काचा गोळा

मी एक अवकाशकुपी बोलतोय. कारखान्यात सगळे मला ‘गोळा’ म्हणत, तेच बरं. मात्र मी सांगतोय ते कितपत खरं, याची मला खात्री नाही. एकदा माझी सगळी कातडी जळाली आहे. आठवणी कातडीत असतात की आत, कोण जाणे. पुगोव्का पहिल्यांदा माझ्यात ऑक्टोबरात आली की नोव्हेंबरात, इथेच मी अडतो. पण ती आली होती, हे नक्की. बहुतेक नक्की.

मॉस्कोजवळच्या कारखान्यात मी घडलो. बायकांनी हातांनी माझ्यावर उष्णता अडवणारा थर चढवला. “पुढच्या गोळ्यात माणूस बसणार,” असं त्या म्हणायच्या. माझ्यात कुत्री बसणार होती. ती नीट परतली तरच माणसाची पाळी. एवढी जबाबदारी, आणि मला ना चाक ना सुकाणू. फेकतील तिथे जायचं.

कुत्रीचं नाव पुगोव्का, म्हणजे छोटंसं बटण. रस्त्यावरून उचललेली, एक कान दुमडलेला. तिला सांभाळायची प्रयोगशाळेतली तायसिया येगोरोव्ना. बंद पेटीत कुत्रं भुंकलं की हृदयाच्या नोंदी बिघडत, म्हणून तायसियाने तिला एक पाठ शिकवला होता. बाहेरून ठोकलं की निपचित पडायचं. शेवटच्या ठोक्यानंतर तायसिया साठ आकडे मोजायची आणि सॉसेजचा तुकडा द्यायची. तुकडा आला नाही, तरच कुईकुई करायची मुभा.

“बघा कशी पडलीय, पक्षाच्या सभेत बसल्यासारखी!” तायसिया एकदा म्हणाली.

“हळू बोल गं बाई, भिंतींना कान असतात,” शेजारची दचकली.

“असू देत. माझ्या बटणाला तोंड नाही ना!”

डिसेंबरात आम्ही उडालो. वाटेतच अग्निबाणाचं वरचं इंजिन बंद पडलं आणि कक्षा गाठण्याऐवजी आम्ही सैबेरियाच्या जंगलात उतरलो. हवाई छत्री उघडली, हे नशीब. बाहेर उणे चाळीस. पुगोव्काचा श्वास माझ्या आतल्या भिंतीवर गोठत होता. धातू ऊब देत नाही, घेतो. मी तिची घेत होतो आणि ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर आलं. कमरेएवढ्या बर्फातून दोघे माझ्यापर्यंत पोचले. तरुण अभियंता वालेरियान पेत्रोविच पाखोमोव आणि म्हातारा मेकॅनिक, ज्याला सगळे फादेइच म्हणत. माझी काच गोठून पांढरी झाली होती. आतलं काही दिसेना.

“ठोका, फादेइच.”

टक, टक, टक. पुगोव्का तत्काळ निपचित पडली.

“काही नाही. पुन्हा ठोका.”

दर अर्ध्या मिनिटाला ते ठोकत होते. साठ आकडे काही पुरे होईनात. ठोकू नका, जरा थांबा, असं मला ओरडायचं होतं. थंडीने माझा पत्रा तेवढा तडतडला.

“आवाज आला!” पाखोमोव म्हणाला.

“पत्रा आकसतोय हो. तीस वर्षं बॉयलर दुरुस्त केलेत मी.”

झाकणाचे बोल्ट बर्फाने धरले होते. लांबून वैमानिक ओरडला, “उजेड गेला की मी उडणार नाही! इथे लांडग्यांबरोबर राहायचंय का?” पाखोमोवने पाठीवरच्या बिनतारी यंत्रावरून कळवलं, “कुत्री मृत. उपकरणं नंतर काढू.” आणि दोघे वळले.

“थांबा, आधी बसूया,” फादेइच म्हणाला. “निघण्याआधी बसायचं असतं.”

“इथे? या बर्फात?”

“माझी आई बाजाराला निघतानाही बसवायची. बसा.”

दोघे मला टेकून बसले. असं बसल्यावर बोलायचं नसतं. मी मोजत होतो. पन्नास. पंचावन्न. साठ. एकसष्ट.

आतून कुईकुई आली.

“पत्रा,” पाखोमोव पुटपुटला.

“पत्रा खायला मागत नाही, वालेरियान पेत्रोविच!”

मग दोघांनी बोल्टांवर हातोडे घातले. वैमानिक शिव्या देत राहिला, पण थांबला. पाखोमोवने काहीतरी छोटंसं, लुळं, आपल्या मेंढीच्या कातड्याच्या कोटात घातलं आणि तो पळत सुटला. ते हललं का? मला दिसलं नाही.

वसंतात मला ट्रॅक्टरने ओढून नेलं. आता एका संग्रहालयात उघड्या झाकणाने पडून आहे. मुलं माझ्यात तिकिटं टाकतात. शेजारचा फलक मार्गदर्शक बाई रोज वाचून दाखवतात: ‘यातील कुत्री पुगोव्का उतरताना मरण पावली.’ मुलं हळहळतात. वर्षानुवर्षं ऐकून मलाच वाटायला लागलं, ती कुईकुई खरंच पत्र्याची असेल.

मग बऱ्याच वर्षांनी एक म्हातारी काठी टेकत आली. फलक वाचून ती हसली आणि मग रुमाल शोधू लागली. हसण्याच्या आवाजावरून मी तायसियाला ओळखलं.

“आजी, काय झालं?” मार्गदर्शक बाईंनी विचारलं.

“मेल्याचा संदेश आधी पोचला होता गं. तो पाखोमोवने दुरुस्त केलाच नाही. कोटात गुंडाळून तिला माझ्या दारात घेऊन आला. म्हणाला, ‘कागदावर ही मेलीय. मेलेल्या कुत्र्याला पुन्हा वर पाठवत नाहीत. ठेवून घ्या.’”

पुगोव्का त्यानंतर साडेनऊ वर्षं जगली, आणि तायसियाच्या स्वयंपाकघरात म्हातारपणाने गेली.