जयवंताची तिथी

त्या भाद्रपदात एकनाथरावांच्या कचेरीत एकच काम चाललं होतं. भाषावार राज्यं होणार म्हणून अख्खं हैदराबाद राज्य तीन गठ्ठ्यांत बांधायचं होतं. मराठी तालुक्यांची दफ्तरं मुंबई राज्याकडे, कानडी म्हैसूरकडे आणि तेलुगू इथंच. दफ्तरांबरोबर कारकूनही वाटले गेले आणि एकनाथरावांच्या वाट्याला औरंगाबाद आलं. त्यांची काही तक्रार नव्हती. बरकतपुऱ्यातल्या भाड्याच्या घरात त्यांच्या बायकोनं, सावित्रीबाईंनी, पितळी भांडी पोत्यात भरायलाही घेतली होती. अडून बसले ते फक्त आबासाहेब, एकनाथरावांचे वडील. जयवंताची तिथी कळल्याशिवाय मी हे गाव सोडणार नाही, असं त्यांनी खाटेवरून जाहीर केलं.

जयवंता ही त्यांची धाकटी बहीण. तिला परभणीकडच्या एका खेड्यात दिली होती. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच तापाची मोठी साथ आली आणि घरंच्या घरं बसली. एक ओळखीचा गाडीवान सांगत आला, की जयवंताच्या सासरी दाराला कुलूप आहे, माणूस म्हणून उरलेलं नाही. आबासाहेबांनी अंघोळ केली, पोटभर रडले आणि पुढं नोकरीच्या मागं हैदराबादला आले. सासरी पाणी द्यायलाही कुणी नाही, म्हणून बहिणीचं पान दर पितृपक्षात तेच वाढू लागले. तेही सर्वपित्री अमावस्येला, कारण तिथी ठाऊक नसलेल्यांना दुसरा दिवस नसतो. बेवारशी माणसासारखं आपण तिला अमावस्येला ढकलतो, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

कागद आपल्याबरोबरच मुंबई राज्यात येताहेत, तिकडं गेल्यावर निवांत शोधू, असं एकनाथरावांनी समजावून पाहिलं. त्यावर आबासाहेबांनी विचारलं, की कागद सगळे उर्दूत. मुंबईवाल्यांना ते सरळ धरायचे की उलटे, हे तरी कळणार आहे का? म्हाताऱ्याला एकटं मागं ठेवणं एकनाथरावांना जमणार नव्हतं आणि सरकारी हुकूम तर कुणाचा बाप ओळखत नाही. तेव्हा ते निमूट शोधायला बसले.

साथीच्या साली गावचा पोलीस पाटील जिवंत राहिला होता, आणि जिवंत होता तोवर मेलेल्यांच्या नोंदी करत होता. जयवंताची सासू सापडली, सासरा सापडला, दीर सापडला. जयवंता काही सापडेना. तिचा नवरा मुकुंदराव, तोही नाही. एकनाथरावांनी पुढचं साल काढलं, मागचं काढलं. शेजारच्या टेबलावरचे नामदेवराव म्हणाले, की असं दोनच कारणांनी होतं: एक तर आपण कागद हरवला, नाहीतर माणूस मेलंच नाही. आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन ते पान लावायला गेले.

एकनाथरावांना मात्र चैन पडेना. त्यांनी त्या गावाच्या जमिनीचे कागद काढले. मुकुंदरावांचं शेत चुलतभावाच्या नावावर चढलं होतं, साथीनंतर कित्येक वर्षांनी. खाली मुकुंदरावांची सही होती आणि शेरा होता: राहणार सिकंदराबाद, रेल्वेत नोकर. एकनाथराव त्या सहीकडे बघतच राहिले. मग उठून माठातलं पाणी प्याले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सिकंदराबादेत रेल्वेची कचेरी गाठली. मुकुंदराव वारून बरीच वर्षं झाली होती. मुलगा गार्ड होता आणि आईला घेऊन रेल्वेच्याच क्वार्टरमध्ये राहत होता. आई कशी आहे, असं भीतभीत विचारलं, तर तिथला बाबू कपाळाला हात लावून म्हणाला, की नळ गळतो म्हणून कालच येऊन भांडून गेली.

क्वार्टरच्या दारापर्यंत जाऊन एकनाथराव परतले. भेटीचा पहिला हक्क आबांचा होता. घरी येऊन एवढंच म्हणाले, की तिथी सांगणारं माणूस सापडलंय, उद्या सिकंदराबादला चला.

दार एका ठेंगण्या म्हातारीनं उघडलं. "कोण पाहिजे जी?"

आबासाहेबांनी हात जोडले. "बाई, मुकुंदरावांची बायको होती, जयवंता. ती कोणत्या तिथीला गेली, तेवढं सांगा."

म्हातारीनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि त्यांना नीट न्याहाळलं. "अजून गेले नाही," ती म्हणाली. "आत ये, दादा."

मग दोघंही लहान पोरांसारखी रडली. एकनाथरावही रडले. झालं होतं ते इतकंच: साथीच्या तोंडावर मुकुंदरावांना नोकरी लागली म्हणून दोघं गाव सोडून आली. पुढं माहेरी माणूस पाठवला, तर तिथंही कुलूप, कारण आबासाहेब तोवर हैदराबादला. तीही रडली आणि तेव्हापासून दर भाऊबीजेला चंद्राला ओवाळू लागली. उभा जन्म दोघं एकाच सडकेच्या दोन टोकांना राहिली आणि एकमेकांना मेलेली समजत राहिली. एकनाथरावांना हसावं की दोघांना धरून रागवावं, हेच कळेना.

आपलं श्राद्ध होत होतं हे कळल्यावर जयवंताबाईंनी पानात काय काय वाढायचास, याची चौकशी केली. खीर, वडे, गवारीची भाजी, असं आबासाहेबांनी सांगितलं.

"गवार मला कधी आवडायची रे?" त्या म्हणाल्या, आणि आबासाहेब खरोखर ओशाळले.

घोटाळा झाला तो त्यानंतर. बहीण इथं असताना औरंगाबादला माझं कोण आहे, असं म्हणून आबासाहेबांनी खाटेवर पुन्हा बैठक मारली, आता कायमची. आत्या शोधून काढण्याच्या नादात आपण बाप घालवला, हे एकनाथरावांच्या ध्यानात आलं. त्यांना झोप लागेना. सावित्रीबाईंनी भरलेली भांडी पोत्यातून पुन्हा बाहेर काढली.

सर्वपित्रीला जयवंताबाई बरकतपुऱ्याला जेवायला आल्या. माझं पान यंदा मीच संपवते, म्हणाल्या. जेवता जेवता त्यांना भावाचा बेत कळला, तशी त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"दादा, तू इथंच राहिलास, तर मी जाऊ कुठं? शेजारच्या बाया दिवाळीला ट्रंक भरून माहेरी जातात. मी रेल्वेच्या पासावर सारा मुलूख फिरले, पण माहेर म्हणून कुठल्याच स्टेशनावर उतरले नाही. आता बरकतपुऱ्याला बसनं यायचं अन् सांजच्याला परत जायचं, त्याला माहेर म्हणत नाहीत, बाजार म्हणतात. तू जा जी औरंगाबादला. मला गाडीत बसून यायचंय."

आबासाहेबांनी खिरीची वाटी तिच्या पानाकडे सरकवली. मग एकनाथरावांकडे वळून त्यांनी विचारलं, की तिकडं बघितलेलं घर स्टेशनापासून किती लांब आहे. टांग्यानं जावं लागतं, असं एकनाथरावांनी सांगितलं.

"जवळचं बघ," आबासाहेब म्हणाले. "तिच्याजवळ ट्रंक असेल."